दहाची पावती

दारावरची घंटा वाजते. दार उघडायला गेलेला मुलगा आत येऊन सांगतो, "बाबा, वर्गणीवाले आलेत," आणि त्याच क्षणी बाबांना स्नानाची आठवण होते. मग आईने पुढे व्हायचे, "हे घरात नाहीत" म्हणायचे, आणि नेमका त्याच वेळी न्हाणीघरातून बाबांचा रामरक्षेचा सूर बाहेर यायचा. मंडळी फ्लॅटमध्ये राहायला गेली तरी हा प्रसंग फारसा बदललेला नाही. दाराला भिंग बसल्यामुळे स्नानाची तयारी थोडी आधी करता येते, इतकेच.

वर्गणीवाल्यांचेही प्रकार असतात. गणपतीच्या वर्गणीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. एक तर तो विघ्नहर्ता, आणि दुसरे असे की मागायला आलेल्यांपैकी दोघे-तिघे तरी तालमीतले असतात. सप्ताहाच्या वर्गणीत पुण्य असते, जयंतीच्या वर्गणीत अभिमान असतो. शाळेची वर्गणी मागणाऱ्याच्या पाठीशी यांतले काहीच नसते. हातात पावतीपुस्तक, खिशात गळके पेन, आणि सोबत कवायतीचा तास चुकला म्हणून खूश झालेले दोन विद्यार्थी. त्यातून शाळा सरकारी असली तर विचारायलाच नको. "सरकारची शाळा ना? मग सरकारकडून घ्या की!" हे वाक्य मी चौतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या तोंडांतून ऐकले आहे की मराठी, उर्दू, तेलुगू आणि लमाणांची गोरमाटी अशा चारही भाषांत ते मला म्हणून दाखवता येईल.

माझी बहुतेक नोकरी नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका तालुक्याच्या गावी झाली. शाळा जिल्हा परिषदेची प्रशाला. पुण्याकडच्या वाचकांना हे जरा नवल वाटेल. तिकडे जिल्हा परिषद म्हटले की चौथी नाही तर सातवीपर्यंतची शाळा, आणि हायस्कूल म्हटले की कुठल्यातरी संस्थेचे. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यातली सरकारी हायस्कुले होती. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा निघाल्यावर या शाळा त्यांच्या पदरात पडल्या. म्हणून आमच्याकडे मॅट्रिकपर्यंतची खरोखरची सार्वजनिक शाळा उरली. फी नावालाच, प्रवेशाला चाचणी नाही, कोणाला परत पाठवायचे नाही. माझ्या वर्गात देशमुखाचा मुलगा असे, त्यांच्या सालगड्याचा असे, तांड्यावरचा असे, कैकाड्याचा असे; तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मुले असत; नांदेडहून येऊन मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान थाटलेल्या सरदारजींची दोन मुले होती. भिंतीपलीकडे उर्दू माध्यमाचे वर्ग भरत. मैदान एक, घंटा एक, आणि पाण्याची टाकीही एकच.

आता सरकार अशा शाळेला काय देते? मास्तरांचा पगार देते. तो वेळेवर देते असे म्हणण्याइतका मी धीट नाही, पण देते. खोल्या बांधून देते. पुस्तके देते, खिचडीचा तांदूळ देते. आणि खडू, झाडू, शाई, रजिस्टर यांसाठी 'सादिल' म्हणून एक रक्कम देते. सादिल हा शब्द ज्याला ठाऊक नाही त्याने मुख्याध्यापकाचे दुःख पाहिलेले नाही. वर्षभराचे सादिल येईपर्यंत वर्ष संपलेले असते, आणि आले की त्यातून गेल्या वर्षीचे वीजबिल भागवायचे असते. लेझीम कशातून आणायचे? कबड्डीच्या संघाला जिल्ह्याच्या गावी न्यायचे, तर एस.टी.चे भाडे कोणत्या सदरात घालायचे? स्नेहसंमेलनाचा मांडव, वाचनालयाची मासिके, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची फी, विज्ञान प्रदर्शनात नेण्याच्या प्रतिकृतीला लागणारा पुठ्ठा आणि डिंक यांना सरकारी वहीत रकानाच नाही. आणि मुलगा चाळीस वर्षांनी शाळेची आठवण काढतो ती नेमकी या रकाना नसलेल्या गोष्टींची काढतो. 'आमच्या वेळी सादिल फार छान होते' असे म्हणणारा माजी विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

म्हणून पावतीपुस्तक.

शाळेसाठी हात पसरणे आमच्या भागाला नवे नाही. हैदराबाद संस्थानात वरचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून विद्यापीठ चालवण्याचा तो मोठाच प्रयोग होता, हे कबूल केलेच पाहिजे. फक्त ती भाषा राज्यातल्या बहुसंख्य लोकांच्या घरातली नव्हती. मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांना चार अक्षरे आपल्या भाषेत मिळाली की पुढे सगळे उर्दू. आपली खासगी शाळा काढावी, तर सरकारची परवानगी हवी, आणि ती सहजासहजी मिळत नसे. तरीही लोकांनी शाळा काढल्या. लातूरच्या दक्षिणेला हिप्परगा नावाचे आडवाटेचे गाव आहे. तिथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. या शाळेत पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक मुख्याध्यापक झाले. तेच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परग्याहून ते अंबाजोगाईला गेले, तिथली योगेश्वरीची शाळा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नावारूपाला आणली, आणि १९३८ साली शाळा सोडून ते लढ्यात उतरले. मराठवाडा मुक्त करणारा पुढारी आधी हेडमास्तर होता, ही गोष्ट आम्ही मास्तर लोक जरा मान वर करून सांगतो. हेडमास्तर म्हणजे शाळेसाठी मागणे आलेच, हे ओघानेच आले. १९४८ साली संस्थान भारतात आले आणि दोनच वर्षांत नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने कॉलेज निघाले. त्याचे नाव ठेवले पीपल्स कॉलेज. कोणा राजाचे नाही, दानशूराचे नाही, लोकांचे कॉलेज. १९५१ च्या शिरगणतीत सगळ्या हैदराबाद राज्यात लिहिता-वाचता येणारी माणसे शंभरात दहासुद्धा नव्हती. तेव्हा हे 'लोक' म्हणजे बहुतांशी सही न येणारे लोक, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नावातली हिंमत कळते.

माझे वडील लातूरला मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. वडिलांचे शिक्षण 'वस्तानिया'पर्यंत, म्हणजे मधल्या शाळेपर्यंत झालेले. त्यामुळे त्यांच्या मराठीत उर्दू अशी मिसळलेली असे की रागावले तरी मैफलीला बसल्यासारखे वाटे. संस्थानचे नाणे 'हाली' आणि इंग्रजांचे 'कलदार'. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. वडील सांगत की शाळेची वर्गणी मागायला कोणी आले की शेठजी मोठ्या आवाजात "लिहा सात!" म्हणायचे आणि मग हळूच "हाली" असे पुटपुटायचे.

पण त्यांची दुसरी एक गोष्ट मी विसरलेलो नाही. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, आडत अशा कापण्या लागत आणि शेवटी एक ओळ असे, 'धर्मादाय'. पोत्यामागे पैसा, दोन पैसे. पट्टी हातात घेणाऱ्याला ती ओळ वाचता येत नसे आणि विचारायचे धाडसही नसे. वर्षाअखेरीला धर्मादायाचे पैसे एकत्र होत आणि गोशाळेला, पाणपोईला, धर्मशाळेला जात. आणि शाळा बांधायची निघाली की शाळेलाही जात. शाळा उभी राहिली की देणगीदारांची संगमरवरी फरशी लागे. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांतून कुठेही जाताना अशी एखादी फरशी दिसली की वडील मला थांबवून नावे वाचायला लावत आणि म्हणत, "ज्यांच्या हातून पैसा गेला त्यांची ही नावं. ज्यांच्या घरून आला त्यांची माझ्या वहीत होती, आणि ती वही शेठजींनी रद्दीत घातली."

शेठजींनी स्वतःच्या पदरचेही दिले असेलच, आणि पुष्कळांनी दिले. व्यापाऱ्याला नावे ठेवून मास्तराचे पोट भरत नाही. पण त्या फरशीने माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली. शाळेला पैसा कमी पडला तर चालेल, पावती कमी पडता कामा नये.

नोकरीला लागलो तेव्हा शाळेची वर्गणी म्हणजे मुख्याध्यापकांनी पाच-सात बड्या आसामींकडे जायचे, चहा घ्यायचा आणि पाकीट आणायचे, अशी रीत होती. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी ती मोडली. पाच रुपयांच्या पावत्या छापून घेतल्या (पुढे महागाईने त्यांच्या दहाच्या झाल्या) आणि बाजारात शिरलो. बस स्टँडसमोर एका चाचांची चहाची टपरी होती. नात उर्दूच्या वर्गात. चाचा पैसे नेहमी देत, पण तास-अर्धा तास उलटतपासणी घेतल्यावर. "मागच्या साली बाजा लिये थे ना? वो दिखा नहीं मेरेकू. बच्चे बोलते, कपाट में है. कपाट कू क्या गाना आता?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी हार्मोनियम कपाटातून बाहेर निघाली.

तेलुगू कापडदुकानदार दहाची पावती घ्यायचे आणि वर झेंडावंदनाच्या दिवशी लावायला कापड द्यायचे. मात्र कापडाची पावती नको म्हणायचे, का ते त्यांचे त्यांना ठाऊक. सरदारजी पावतीवर स्वतःचे नाव कधी घालू देत नसत. "गुरूच्या नावानं लिहा," म्हणत. आता पावतीपुस्तकात 'गुरूच्या नावाने' दहा-बारा पावत्या झाल्यावर हिशेब तपासायला आलेल्या लेखापरीक्षकाने विचारले, "हे गुरू कोण? पूर्ण पत्ता लिहा." नांदेडच्या गोदाकाठी १७०८ साली ज्यांनी देह ठेवला त्यांचा पत्ता आम्ही 'नांदेड' असा लिहिला. त्याचे समाधान झाले.

तांड्यावर मात्र दिवस पाहून जावे लागे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो, ऊसतोडीची उचल वाटतो, आणि मग एकेक जोडी, तिला 'कोयता' म्हणतात, बैलगाडीत नाही तर ट्रकमध्ये संसार घालून कारखान्याच्या वाटेला लागते. उचल म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या मजुरीवर आधी घेतलेले कर्ज. त्या कर्जातून वर्गणी मागायला माझी जीभ रेटत नसे. एका वर्षी मी तांडा वगळून परत आलो, तर नायक स्वतः शाळेत आले. कोयत्यामागे वीस रुपये गोळा करून रुमालात बांधून आणले होते. "गुरुजी, आमच्याकडं का आला न्हाईत? लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवून चाललोत. शाळेच्या वहीत नाव असलं की मास्तर ध्यान ठेवतो." देण्यामागे एवढा सरळ व्यवहार होता, आणि तो मला कोणत्याही दानधर्मापेक्षा बरा वाटला. मी बसून एकेक नाव विचारत सगळ्या पावत्या फाडल्या. नवराबायको दोघांचे नाव घाला, असा बायकांचा आग्रह होता. कोयता दोघांचा असतो.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. माझ्या घरचे लातूरकर सुखरूप होते, पण किल्लारी, सास्तूर या नावांनी पुढचे कितीतरी दिवस झोप आली नाही. त्या वर्षी संमेलनासाठी जमलेले पैसे शाळेच्या पेटीत होते. मुलांनी ठराव केला की पैसे भूकंपग्रस्तांना द्यावेत. मी म्हणालो, हे पैसे गावाने संमेलनासाठी दिलेत, विचारल्याशिवाय कसे पाठवायचे? तेव्हा नववीची मुले पावतीपुस्तकांची स्थळप्रत घेऊन दारोदार गेली आणि ज्याने दिले त्याला विचारून आली. चौघांनी नाही म्हटले. त्या चौघांचे वीस रुपये पेटीत राहू दिले आणि बाकीचे लातूरला पाठवले. पुढच्या वर्षी ते चौघेही पहिल्यांदा देऊन मोकळे झाले.

हे सगळे ऐकून आमचे एक सहकारी चिडत. शिक्षक संघटनेत काम केलेला, अभ्यासू माणूस. "तुम्ही लोक वर्गणी काढता म्हणून सरकार हात वर करते," असे ते म्हणत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही एकदा वर्गणीतून बाके केली, तर पुढच्या वर्षी कार्यालयाकडून आलेल्या तक्त्यात आमच्या शाळेपुढे 'बाकांची आवश्यकता : नाही' असे छापून आले. ज्या शाळेने काही केले नव्हते तिला नवी बाके मिळाली. त्या दिवशी त्या सहकाऱ्यांनी मला चहा पाजला, तो मला अजून कडू लागतो. तेव्हापासून आम्ही नेम केला की भिंत, छप्पर, बाक, पगार यांसाठी गावाकडे मागायचे नाही. त्यासाठी अर्ज करायचे, भांडायचे, पुन्हा अर्ज करायचे. रकाना नाही तेवढ्यासाठीच वर्गणी.

हा नेम २०१७ साली मोडावा लागला. शाळेला प्रयोगशाळेची खोली होती. आत मोडकी बाके आणि पारव्यांची घरटी. सामानासाठी केलेल्या अर्जांची थप्पी त्या खोलीतल्या टेबलापेक्षा उंच झाली होती. दहावीची मुले ऑक्सिजन कसा तयार होतो ते फळ्यावर पाहत. शेवटी शाळा समितीत विषय निघाला. अंदाज काढला, दोन लाख रुपये. एवढी रक्कम आम्ही कधी जमवली नव्हती.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. शाळेचा जुना विद्यार्थी, आता चांगला कारखानदार. हुशार, नम्र, शाळेविषयी खरी माया असलेला. म्हणाला, "सर, दोन लाख मी उद्या पाठवतो. नाव वगैरे काही नको मला. एकच विनंती. आपल्या शाळेच्या मुलांना पावत्या घेऊन बाजारात फिरवू नका. भीक मागितल्यासारखं दिसतं. मी फिरलो होतो, मला अजून त्याची लाज वाटते."

समितीतली पुरुष मंडळी सुखावली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा समित्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असे ठरवून दिले आहे. बायका येतात, सही करतात, आणि बहुतेक वेळा गप्प बसतात. त्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या बाई बोलल्या. त्यांची तीन लेकरे आमच्याच शाळेत.

"एकट्यानं दिलं तर मंग ती त्येची हुईल. आमाला कोन इचारंल?"

"अहो बाई, तो नावसुद्धा लावू नका म्हणतोय."

"नाव न्हाई लावलं तरी समद्यायला ठावं असतंय की. आमचे धा-धा रुपये घ्या. आर्धं त्येचं घ्या, आर्धं गावाचं घ्या."

मी त्यांना म्हणालो की गावातून एक लाख जमायला सहा महिने लागतील, कदाचित जास्त. तुमची थोरली यंदा दहावीला आहे. तिला प्रयोगशाळा मिळणार नाही.

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिच्या मागं दोघं हायेत की."

ठराव झाला. पुण्याला मी कळवले. त्याला ते आवडले नाही, पण त्याने एक लाख पाठवले. उरलेल्या एक लाखाला आठ महिने लागले. चार हजार एकशे साठ पावत्या फाडल्या. शहरातल्या वाचकांना वाटेल, हल्ली मोबाईलवर क्षणात पैसे येतात, मग पावत्या कशाला? मोबाईलवरही आले, पण तिथेही आम्ही नाव विचारून पावती घरपोच केली. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका पावती पदराच्या गाठीत बांधत. एकीने ती देव्हाऱ्यात ठेवली होती, असे तिच्या मुलाने सांगितले.

मार्चात दहावीची परीक्षा झाली. प्रयोगशाळेचे सामान एप्रिलात आले.

बाईंची थोरली पुढे नांदेडला नर्सिंगला गेली. दोन वर्षांपूर्वी रेल्वे स्टेशनवर भेटली. मी विचारपूस केली. हसतमुख पोरगी, पण बोलायला रोखठोक. म्हणाली, "सर, परीक्षानळी मी पयल्यांदा कॉलेजात धरली. बाकीच्या पोरी हसल्या." मी म्हणालो, तुझ्या आईनेच तसे ठरवले होते. ती म्हणाली, "आईचं बरोबर असंल. पण माझं वर्ष गेलं ते गेलं की." तिची गाडी आली आणि ती चढून बसली. तिच्या वर्षाचे उत्तर माझ्याकडे नाही. तरी उद्या तोच ठराव पुन्हा समोर आला तर मी बाईंच्याच बाजूने हात वर करीन.

कारण मी दुसरी बाजूही पाहतो. माझा एक भाचा अमेरिकेत पोर्टलंड नावाच्या शहराजवळ असतो. तिथेही सरकारी शाळांसाठी पालक पैसे जमवतात. केक विकतात, धावण्याच्या शर्यती लावतात, मेजवान्या करतात. सधन वस्तीतली शाळा त्यातून जादा मास्तर नेमायची, आणि गरीब वस्तीतल्या शाळेला केक विकत घेणारेच मिळायचे नाहीत. म्हणून त्या शहराने कित्येक वर्षे नियम ठेवला होता की पहिले दहा हजार डॉलर शाळेने ठेवावेत आणि वरच्या रकमेतला तिसरा हिस्सा इतर शाळांसाठी द्यावा. त्यावर तिथे पुष्कळ भांडणे झाली. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला आमच्या शेठजींचे 'सात हाली' आठवले. आपल्याकडे २०२३ साली सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना आणली. मोठी रक्कम द्यावी आणि ठरावीक वर्षे आपले नाव शाळेच्या नावाला जोडावे, अशी त्यात सोय होती. दत्तक हा शब्द कोणी सुचवला कोण जाणे. दत्तक त्याला घेतात ज्याचे आईबाप मुलावर पाणी सोडायला तयार असतात.

आणि लातूर! माझे लातूर आता सगळ्या महाराष्ट्राला परीक्षेतल्या गुणांसाठी ठाऊक आहे. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला मुले दुरून तिथे येऊन राहतात, आईबाप जमीन गहाण टाकून शिकवणीची फी भरतात, आणि तीही पावती घेऊनच भरतात. माझा आक्षेप नाही. मेहनत करणाऱ्या मास्तरांनी आणि मुलांनी ते नाव कमावलेले आहे. पण ती पावती आपल्या एका लेकराची असते. तांड्यावरच्या नायकाने रुमालात आणलेल्या पैशांत गावच्या सगळ्या लेकरांचा हिस्सा होता, त्याला स्वतःला हे माहीत असो वा नसो.

प्रयोगशाळा उघडली त्या दिवशी समारंभ झाला नाही. पाहुणा कोणाला बोलवायचा यावर एकमत झाले नाही, हे खरे कारण. बाटल्यांवर चिठ्ठ्या मुलांनीच लिहून चिकटवल्या. मराठीच्या मुलांनी 'गंधकाम्ल' लिहिले, उर्दूच्या मुलांनी त्याखाली 'गंधक का तेज़ाब'. हे दोन्ही शब्द त्यांच्या पुस्तकांतून आले नव्हते. आमच्या निवृत्त शिपायाने सांगितले होते, आणि तो जुन्या काळचा माणूस होता. फरशी लावायची नाही, असे आधीच ठरले होते. तिच्याऐवजी बाहेरच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून सगळा हिशेब रंगवून घेतला, दोन्ही लिप्यांत. जमा एवढे, खर्च एवढा, बाब लिहून.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून नातीला बरोबर आणले होते. ती एकेक ओळ वाचत होती, चाचा भिंतीला हात लावून ऐकत होते. 'हमाली, एकशे पन्नास' या ओळीवर त्यांनी तिला थांबवले आणि मला हाक मारली.

"गुरुजी, वो हमाल मेरे टपरी पे बैठता. उसने एक सौ बीस लिया बोला मेरेकू. तीस रुपये किधर गए?"

मी आत जाऊन फाइल काढली. हमालाची पावती खरेच एकशे वीसची होती. तिच्या मागे टाचणीने दुसरा चिटोरा लावलेला होता. सामान उतरवायला आलेली माणसे आणि मुले मिळून सहा जण, सहा चहा, तीस रुपये.

"चहा कुठला?" नातीने विचारले.

चाचांनी चिटोरा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. त्यावर त्यांच्याच टपरीच्या पोऱ्याने मारलेला काळा ठिपका होता; त्यांच्याकडे बिलावर सही म्हणून तोच चालत असे.

"तो अलग लिखो ना," चाचा म्हणाले. "हमाली एक सौ बीस. चाय तीस. हिसाब साफ होना."

रंगाऱ्याला पुन्हा बोलावून ओळ दुरुस्त करून घेतली. त्याने त्याचे चाळीस रुपये घेतले. ते भिंतीवर कुठे लिहायचे यावर मग पुढच्या सभेत तासभर वाद झाला.